दोन वेळांचं घड्याळ आणि मधला अर्धा तास

घड्याळ घ्यायचं होतं माझ्या थोरल्या बहिणीला. वय साठीच्या आसपास, जवळचं वाचायला चष्मा, मनगटाचा घेर १५.२ सेंटिमीटर. प्रवास ऑक्टोबरअखेरचा, युरोपातला, भावजींबरोबर. आधी एक शहर, मग एक बेट, मग परत तेच शहर. बेटावर पोहणं आणि स्नॉर्केलिंग ठरलेलं, शहरात दिवसभर पायपीट. घरी बाबा आणि त्यांच्या सोबतीला राहणाऱ्या बाई. बाबांची रात्रीची गोळी नऊला असते आणि दहाच्या आत ते झोपतात. त्या तासाभरातच ताईला रोज फोन करायचा होता.

हिशेब अवघड होता तो पुढचा. घराची प्रमाणवेळ साडेच्या हिशेबातली, जिथे जायचं तिथली पूर्ण तासांची. शहर घरापेक्षा साडेतीन तास मागे, बेट अडीच तास मागे. दोन वेळा दाखवणारं, मनगटाला शोभणारं, पाण्यात आणि वाळूत टिकणारं एकच घड्याळ हवं, एवढीच मागणी होती. अशी मागणी आली की बहुतेक जण आधी कंपनी आणि मग आतलं यंत्र यावर बोलायला लागतात. इथे निर्णय झाला तो भलत्याच दोन गोष्टींवर: घड्याळाची लांबी आणि तो अर्धा तास.

फोन आहे की!

हे भावजींचं म्हणणं. चूक नाहीच. फोनमध्ये हव्या तेवढ्या शहरांच्या वेळा लावता येतात, तास पुढेमागे झाला तर तो आपोआप बदलतो. पण फोन पाण्यात नेत नाहीत, बॅगेत खोल असतो, विमानात बंद असतो, आणि वेळ बघायला हातात घेतला की दहा मिनिटं तिथेच जातात. ताईचं म्हणणं सरळ होतं: "मला हात वर केला की कळलं पाहिजे, बाबा जागे आहेत की झोपलेत." या एका वाक्यातून गरज पुरती स्पष्ट झाली. तिला घरची वेळ मिनिटापर्यंत नको होती, तास आणि दिवस-रात्र कळली तरी चालणार होतं. इथली वेळ मात्र मिनिटाला मिनिट हवी, कारण गाड्या आणि बोटी पकडायच्या होत्या.

मनगटावर काय बसतं

घड्याळाच्या जाहिरातीत व्यास ठळक लिहिलेला असतो: ४०, ४२, ४४ मिलिमीटर. लहान मनगटाला फसवणारा आकडा हाच. घड्याळ मनगटावर बसतं की लटकतं हे ठरतं त्याच्या उभ्या लांबीवर. पट्टा जिथे अडकतो ती वरची दोन आणि खालची दोन टोकं असतात, त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या वरच्या सपाट भागापेक्षा जास्त झालं, की टोकं दोन्ही बाजूंनी हवेत राहतात. मग पट्टा सरळ खाली पडतो, मधे फट दिसते आणि घड्याळ मोठ्या भावाचं उसनं घातल्यासारखं वाटतं.

घेर मोजून भागत नाही. कुणाचं मनगट गोल असतं, कुणाचं चपटं. १५.२ च्याच घेरात वरची रुंदी बरीच वेगवेगळी निघू शकते. ताईचा हात टेबलावर पालथा ठेवला, मनगटाच्या दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं उभी टेकवली आणि त्यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजलं. ४९ मिलिमीटर. मग जुन्या पुठ्ठ्यातून तीन तुकडे कापले, प्रत्येक तुकडा एकेका घड्याळाच्या खऱ्या व्यासाचा आणि लांबीचा, आणि चिकटपट्टीने मनगटावर लावून बघितले. दुकानात काचेखालच्या आरशात जे कळत नाही ते पुठ्ठ्यावर लगेच कळतं. शिवाय विक्रेत्याचा आग्रह नसतो.

या पुठ्ठ्यांतून निघालेला निकाल असा. सेइको ५ स्पोर्ट्स जीएमटी या घड्याळाचा व्यास ४२.५ मिलिमीटर, म्हणजे कागदावर मोठं. पण त्याची लांबी ४६ आहे, त्यामुळे ते ताईच्या मनगटात मावत होतं. दुसरं एक घड्याळ ४० मिलिमीटरचं, अगदी बेताचं वाटणारं, पण लांबलचक सरळ लगमुळे त्याची लांबी ४९.५. ते दोन्हीकडून बाहेर आलं. म्हणजे ४० चं मोठं आणि ४२.५ चं लहान. जाहिरातीत लांबी दिलेली नसेल तर विचारावी. सांगता येत नसेल तर मोजून द्यायला सांगावं, पट्टीला दोन सेकंद लागतात.

जाडी ही तिसरी गोष्ट. वर सांगितलेल्या सेइकोची जाडी १३.६ मिलिमीटर आहे. आत आपोआप चावी भरणारं यंत्र, त्याचं फिरणारं वजन आणि जास्तीचा काटा या सगळ्यांना जागा लागतेच. मोठ्या मनगटावर ते खपून जातं. १५ सेंटिमीटरच्या मनगटावर मात्र बाहीत अडकतं आणि दाराच्या चौकटींवर आपटतं. प्रवासात आपण सतत अनोळखी दारांतून, अरुंद आसनांमधून, सामानाच्या पट्ट्यांमधून हात घालत असतो, म्हणून जाडी ही टिकाऊपणाचीसुद्धा बाब आहे. घड्याळ जितकं उंच, तितके ओरखडे जास्त.

कोणता काटा उडी मारतो

तबकडीवर २४ तासांत एक फेरी करणारा चौथा काटा असलेल्या घड्याळाला सरसकट जीएमटी म्हणतात. दिसायला सगळी सारखी असली तरी आतून दोन जाती आहेत, आणि घड्याळांच्या नादी लागलेले लोक यावरून तावातावाने भांडतात.

एका जातीत किल्ली एक टप्पा बाहेर ओढून फिरवली की स्थानिक वेळेचा तासकाटा एकेक तासाने उडी मारतो. मिनिटकाटा आणि सेकंदकाटा चालूच राहतात, २४ तासांचा काटा घरच्या वेळेवर तसाच. विमानातून उतरलं, दोन-तीन टिचक्या, झालं. याला फ्लायर म्हणतात, म्हणजे उडणाऱ्याचं घड्याळ. मियोटाचं ९०७५ हे या जातीतलं, अनेक कंपन्यांना विकलं जाणारं यंत्र. दुसऱ्या जातीत तासकाटा आणि मिनिटकाटा नेहमीसारखे जोडलेले, आणि टिचकीने हलतो तो २४ तासांचा काटा. घरी बसून परदेशातल्या माणसाला फोन करणाऱ्याच्या ते सोयीचं, म्हणून त्याला कॉलर म्हणतात. सेइकोचं ४आर३४, ईटीएचं २८९३-२ आणि सेलिटाचं एसडब्ल्यू३३० ही त्या जातीतली.

फ्लायरलाच खरं जीएमटी म्हणायचं आणि कॉलरला नाक मुरडायचं, अशी या मंडळींची रीत आहे. मला ती पटत नाही. रोलेक्सने १९५० च्या दशकाच्या मध्यात पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी जीएमटी-मास्टर काढलं, त्यात २४ तासांचा काटा स्वतंत्र हलतच नव्हता. तो तासकाट्याला बांधलेला होता आणि दुसरी वेळ वाचायची ती तबकडीभोवतीचं २४ आकड्यांचं कडं, म्हणजे बेझल, फिरवून. दोन्ही काटे सुटे झाले ते १९८० च्या दशकात, जीएमटी-मास्टर दोनमध्ये. म्हणजे ज्या घड्याळावरून हा सगळा प्रकार लोकप्रिय झाला, ते आजच्या व्याख्येने खरं ठरणारच नाही. वैमानिकांचं काम मात्र त्यावर भागत होतं.

तरीही नेहमीच्या प्रवाशाला मी फ्लायरच घ्यायला सांगतो. ताईच्या बाबतीत तसं का सांगितलं नाही, ते पुढे.

अर्धा तास

घरी संध्याकाळचे साडेसात. शहरात त्या वेळी चार वाजलेले असणार. फ्लायर हातात आहे असं धरा. किल्ली ओढली, तासकाटा मागे न्यायला लागलो. साडेसहा, साडेपाच, साडेचार, साडेतीन. चार येतच नाहीत. येणारही नाहीत, कारण मिनिटकाटा सहावर आहे आणि तो हलत नाही. फ्लायरची सगळी गंमत मिनिटकाट्याला हात न लावण्यात आहे, आणि अर्ध्या तासाचा फरक आला की नेमका त्यालाच हात लावावा लागतो. म्हणजे किल्ली पूर्ण ओढून घड्याळ थांबवा, नव्याने लावा, मग २४ तासांचा काटा जुळवा. कॉलरमध्ये जे करावं लागतं तेच, एकाही पायरीची बचत नाही.

जगातला मोठा भाग पूर्ण तासांवर चालतो म्हणून घड्याळं करणारे याकडे लक्ष देत नाहीत. पण भारत आणि श्रीलंका यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ५:३० पुढे आहेत, नेपाळ ५:४५, अफगाणिस्तान ४:३०, इराण ३:३०, म्यानमार ६:३०, ऑस्ट्रेलियाचा मधला पट्टा ९:३०. कॅनडातला न्यूफाउंडलंड ३:३० मागे. न्यूझीलंडची चॅटम बेटं तर १२:४५ पुढे. या पट्ट्यांत राहणाऱ्यांची संख्या अब्जाच्या पुढे जाते, आणि त्यांच्यापैकी कुणीही जीएमटी घड्याळ घेतलं की पहिल्याच प्रवासात हा अर्धा तास आडवा येतो.

उपाय आहे, आणि तो बेझलमध्ये आहे. २४ तासांचा काटा एका तासात १५ अंश सरकतो, अर्ध्या तासात साडेसात अंश. हा काटा आधी पूर्ण तासांच्या फरकाने लावायचा: शहरात घर साडेतीन तास पुढे, तर तीन तास पुढे. मग बेझल उलट्या दिशेने साडेसात अंश फिरवायचं. काटा आता बेझलवर अर्धा तास पुढचा आकडा दाखवतो, म्हणजे घरची बरोबर वेळ. पण त्यासाठी बेझल साडेसात अंशांवर थांबायला हवं. ४८ टिचक्यांचं बेझल असेल तर एक टिचकी म्हणजे बरोबर साडेसात अंश, नेमका अर्धा तास. २४ टिचक्यांचं असेल तर पूर्ण तासांखेरीज कुठे थांबत नाही. १२० टिचक्यांच्या बेझलची एक टिचकी तीन अंशांची, म्हणजे हवी ती जागा दोन आणि तीन टिचक्यांच्या मधे पडते. ताईसाठी घड्याळं बघताना मी प्रत्येकाचं बेझल फिरवून टिचक्या मोजत होतो. दुकानदाराला ते विचित्र वाटलं असावं. बेझल न फिरणारी, नुसती आकडे कोरलेली घड्याळं तिथल्या तिथे बाद झाली.

याच अर्ध्या तासाची एक जुनी गंमत इथे सांगून टाकतो. फरक साडेपाच तासांचा असेल, म्हणजे भारत आणि हिवाळ्यातलं लंडन, तर आकडे नसलेलं साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की दुसरीकडची वेळ दिसते. तासकाटा थोडा इकडेतिकडे असतो, पण समजतं. भारतात साडेआठ वाजलेत, घड्याळ उलटं केलं की तीन. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे गेलं की ही युक्ती बिघडते.

चार उमेदवार

भाच्याने सुचवलं कॅसिओचं एई-१२०० हे डिजिटल. ४८ शहरं, ३१ टाइम झोन, पाण्याला १०० मीटर, वजनाला हलकं, आणि अर्ध्या तासाचं कौतुकच नाही, कारण अर्ध्या तासाच्या शहरांच्या वेळाही आत भरलेल्या. नुसत्या कामाच्या हिशेबाने हेच पहिलं आलं असतं, आणि हे मी मनापासून म्हणतोय. ताईने ते हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, आणि म्हणाली, "अरे, चष्म्याशिवाय यातलं मला एक अक्षर दिसत नाही." पोहताना चष्मा नसतो. विषय संपला.

सेइको ५ बेझलच्या बाबतीत चाललं असतं, लांबीला बसत होतं, पण जाडी आडवी आली. शिवाय ते ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीने चावी भरणारं. पूर्ण भरल्यावर ४१ तास चालतं. ताई घरी एरवी बारीक सोनेरी घड्याळ घालते. हे कपाटात राहणार आणि प्रवासाच्या आदल्या रात्री बंद पडलेलं निघणार. तारीख, वेळ, २४ तासांचा काटा, सगळं पहिल्यापासून लावायचं. त्यातही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख झटपट बदलायला जाऊ नये, त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि दात मोडू शकतो. हा नियम पाळण्याइतका घड्याळाचा नाद असेल तर ठीक. वेळेचा नेमकेपणाही बघा: त्यातल्या ४आर३४ या यंत्रासाठी कंपनीच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मोकळीक ठेवते. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळं याहून बरी चालतात, पण सांगितलेलं एवढंच.

तिसरं फ्लायर, मियोटा ९०७५ चं, सुंदर. पुठ्ठ्यावर बाहेर आलेलं ४९.५ लांबीचं ते हेच. बेझलही पक्कं बसवलेलं, न फिरणारं.

चौथं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, कॉलर जातीचं. व्यास ३९, लांबी ४६.५, जाडी ११.४ मिलिमीटर. ४८ टिचक्यांचं, दोन्हीकडे फिरणारं बेझल. घड्याळशौकिनांच्या सभेत हे घेऊन गेलात तर कुणी ढुंकून बघणार नाही. पण आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि असं साधं घड्याळही महिन्याला वीसेक सेकंदांपलीकडे चुकत नाही. कपाटात सहा महिने पडलं तरी वेळ बरोबर. वर्षातून एकदा सुट्टीला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं, मला कळत नाही.

पाणी, वाळू, पट्टा

झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असलं म्हणजे ३० मीटर खोल नेता येतं असा अर्थ नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा, नव्या घड्याळाचा. ३० मीटर म्हणजे हात धुणं, पाऊस. पोहायला आणि स्नॉर्केलिंगला १०० मीटर हवेत, आणि किल्ली स्क्रूसारखी आवळून बंद होणारी असेल तर उत्तम. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं, कडक मानक आहे, त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला तपासावं लागतं. ताईला त्याची गरज नव्हती. गरम पाण्याच्या टबात आणि वाफेच्या खोलीत मात्र कुठलंच घड्याळ नेऊ नये. आतली गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, उष्णतेने आणि साबणाने लवकर म्हातारी होते.

आवळायच्या किल्लीबद्दल एक खोच. ती उघडून वेळ बदलली आणि पुन्हा आवळायला विसरलं, तर १०० मीटरचं घड्याळ हात धुतानाही पाणी पिऊ शकतं. त्यामुळे मी ताईला सांगितलं होतं की वेळ बदलायची ती खोलीत, खुर्चीवर बसून. बोटीच्या कठड्याला टेकून नाही.

काचेचा निर्णय वाळूने केला. वाळूतले स्फटिक बहुतेक क्वार्ट्झचे, आणि मोहसच्या कठीणपणाच्या मापात क्वार्ट्झ ७ वर येतं. साधी मिनरल काच त्याच्या खाली, म्हणून समुद्रकिनारी एकदा टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेलं घड्याळ ओरखडे घेऊन बाहेर येतं. नीलमणी काच, म्हणजे सफायर, ९ वर आहे. तिला वाळू काही करत नाही. जोरात आपटली तर ती तडकू शकते, तो धोका आहेच, पण सुट्टीत आपटण्यापेक्षा घासणं जास्त. आमच्या चौथ्या उमेदवाराला सफायर होती.

पट्टा मी सगळ्यात शेवटी बघतो, आणि बहुतेक वेळा घड्याळ आवडेनासं होतं ते पट्ट्यामुळे. लांबच्या विमानप्रवासात आणि उकाड्यात मनगट सुजतं, रात्री पुन्हा उतरतं. स्टीलचा पट्टा घ्यायचा तर बकलमध्ये थोडं थोडं सैल-घट्ट करता येण्याची सोय हवी. कड्या काढून घालून भागत नाही, एक कडी म्हणजे फार मोठा फरक. पाण्यासाठी वेगळा नायलॉनचा एकपदरी पट्टा घेतला, तो घड्याळाच्या पाठीखालून जातो. पट्टा धरणाऱ्या दोन पिनांपैकी एक तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकत राहतं, समुद्रात जात नाही. चामड्याचा पट्टा खाऱ्या पाण्यात नेऊ नये, एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी नेतात.

अंधारात चमकण्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच बघायचं की २४ तासांचा काटा अंधारात तासकाट्याहून वेगळा ओळखू येतो का. चौथ्या उमेदवाराचा हा काटा लाल, टोकाला बाण, बाणात चमकणारा रंग. येत होता.

प्रवासात काय झालं

घेतलं ते चौथंच. पोचल्यावर ताईने स्वतः ते लावलं. आधी किल्ली पूर्ण ओढून इथली वेळ, मग एक टप्पा आत ढकलून लाल काटा तीन तास पुढे, मग बेझल एक टिचकी उलट. पहिले काही दिवस ठीक गेले. लाल बाण २१ वर आला की ती फोन करायची.

मग एका संध्याकाळी फोन केला तेव्हा बाईंनी हळू आवाजात सांगितलं, "बाबा झोपलेत हो, दहा वाजून गेले." ताईच्या घड्याळात नऊ होते. बेझल दोन टिचक्या सरकलं होतं, बसच्या रॉडला किंवा पिशवीच्या बंदाला लागून. दोन टिचक्या म्हणजे तास. कुठल्याही दोन्हीकडे फिरणाऱ्या बेझलला हा धोका असतो, आणि या घड्याळाचं बेझल जरा सैलच होतं. दुकानात फिरवताना ते गुळगुळीत म्हणून आवडलं होतं. फिरवायला किंचित जड जाणारं बेझल चांगलं, हे या प्रकरणातून माझ्या यादीत आलं.

त्यानंतर ताईने बेझलचा नाद सोडला. बेझलवरचा २४ च्या जागचा त्रिकोण सरळ वर आणून ठेवला आणि लाल काटा तीन तासांच्या फरकावर तसाच राहू दिला. अर्धा तास मनात मिळवायचा. तिची मांडणी आणखी सोपी होती: लाल बाण वीस आणि एकवीसच्या बरोबर मधे आला की घरी नऊ. बेटावर गेल्यावर फरक अडीचचा झाला, लाल काटा दोन तासांच्या फरकावर आला, पण फोनची खूण तीच राहिली, वीस आणि एकवीसच्या मधे. बेझल आता चुकून फिरलंच तर वरचा त्रिकोण वाकडा दिसतो आणि लगेच कळतं. माझा टिचक्या मोजण्याचा उद्योग तिने असा निकालात काढला. ज्याला घरी एकाच ठरावीक वेळी फोन करायचा आहे, त्याला मी आता हीच पद्धत सांगतो. वेगवेगळ्या वेळी, अनेकांना फोन करायचे असतील तर बेझलची टिचकी अजूनही जास्त बरी.

शहरात परतल्यावर आणखी एक प्रकार झाला. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला आणि युरोपातली घड्याळं रात्रीत तासभर मागे गेली. कुठेही न जाता घराशी असलेला फरक साडेतीनचा साडेचार झाला. फोन आपोआप बदलला, मनगटावरचं घड्याळ बदललं नाही, आणि सकाळी भावजींच्या फोनमध्ये आणि ताईच्या हातावर वेगवेगळी वेळ. इथे फ्लायर असता तर एक टिचकी पुरली असती. कॉलरमध्ये किल्ली पूर्ण ओढून काटे तासभर मागे आणि मग लाल काटा जागेवर, मिनिटभराचं काम, पण घड्याळ थांबवून सेकंदही पुन्हा जुळवावे लागले. फ्लायरच्या बाजूने हा गुण मोजायलाच हवा. मार्च किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडे जाणार असाल तर तो रविवार आधीच नोंदवून ठेवावा. अमेरिकेत तारखा वेगळ्या, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार.

बाकी घड्याळ नीट राहिलं. सफायरवर ओरखडा नाही, बकलच्या पॉलिशवर बरेच. रोज संध्याकाळी ते गोड्या पाण्याखाली धरून बेझल दोनदा फिरवायचं, म्हणजे खाली अडकलेलं मीठ आणि वाळू निघते, एवढं ती न चुकता करत होती. पोहून आल्यावर नायलॉनचा पट्टा बराच वेळ ओला राहतो, ही तिची तक्रार. रबरी पट्टा लवकर कोरडा होतो, पुढच्या वेळी तो. दोन-तीन वर्षांत सेल बदलावा लागेल, तेव्हा झाकण उघडणार. त्या वेळी गॅस्केट बघून दाबाची चाचणी करून द्या असं बजावून सांगायचं, नाहीतर १०० मीटर फक्त झाकणावर उरतील.

आता भावजींना तसंच घड्याळ हवंय. त्यांना मी नको म्हणालो. त्यांचं मनगट १८ सेंटिमीटरचं, वरची रुंदी ५८ मिलिमीटर, आणि कामानिमित्त ते महिन्याआड पूर्ण तासांच्या तीन-चार देशांत फिरतात. घर सोडताना आणि घरी परतताना अर्ध्या तासाची एकेक झटापट होईल, पण मधल्या सगळ्या सीमांवर उडी मारणारा तासकाटा त्यांना लागतोच. त्यांनी फ्लायर घ्यावं, ४० मिलिमीटरचं, आणि ४९.५ ची लांबी त्यांच्या हातावर आरामात बसेल.